बेजोड घंटा

८ नोव्हेंबर १९५३, रविवार

ही वही कुमुदिनीची. तिच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी कोरीच्या कोरी सापडली. कशासाठी आणली होती कोण जाणे. मी कारखान्यातला हेड टाइमकीपर. नऊशे माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहितो, एका मिनिटाची सूट देत नाही, आणि त्याबद्दल माझ्या नावाने बोटं मोडणारे अंबरनाथात पुष्कळ आहेत. स्वतःविषयी मात्र आजवर एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितो, कारण एक काम अंगावर घेतलं आहे.

श्रावणात ती गेली. जाण्याआधी दोन दिवस माझा हात धरून म्हणाली, "चंदन-कारभारीला एकदा लांबच्या शर्यतीत उतरवा. ह्याच हिवाळ्यात. आणि धाकलूच हाकेल हं." मी हो म्हटलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेली ही बहुधा दुसरी गोष्ट. पहिली काय होती ते आठवत नाही. ती मी दिली नव्हती, एवढं आठवतं.

चंदन आणि कारभारी हे तिचे बैल. बदलापूरच्या पलीकडे करंजवाडीला तिच्या वडिलांची थोडी जमीन आहे, तिथे तिने त्यांना वासरं असल्यापासून वाढवलं. कारभारी हे नाव माझ्यावरून. "सारखा घाईत, आणि कुणी शिंगाला हात लावलेला खपत नाही," असं चारचौघांत सांगायची आणि मला हसायला लावायची. जमीन आणि जोडी दोन्ही धाकलू सांभाळतो. साठीचा असेल. बायको आवडी. मूलबाळ नाही.

म्हशाच्या जत्रेच्या आधी, १७ जानेवारीला, लांबची शर्यत आहे. बदलापूरच्या वेशीपासून सात मैल, कच्च्या रस्त्याने. आजपासून सत्तर दिवस. दर रविवारी मी जाणार आणि वेळ नोंदणार. बाकीचे दिवस धाकलूने मेहनत घ्यायची. हे एवढं मी तिच्यासाठी करणार.

१५ नोव्हेंबर, रविवार

पहिली नोंद. सात मैल, एकावन्न मिनिटे. लाज वाटावी असा आकडा. शर्यतीचे बैल चाळिशीच्या आत येतात म्हणे.

मी छकड्यात मागे बसलो होतो. धाकलूची हाकण्याची तऱ्हा अजब आहे. चाबूक नाही. कासरा इतका सैल की बैलांना वाटावं हा झोपलाय. मान जराशी वाकडी करून बसतो, कुणी कानात काही सांगत असल्यासारखा. मला म्हणाला, "भाऊसाहेब, रस्त्यात काय काय दिसताय ता बोलत ऱ्हावा. मना बरा वाटतं." म्हातारपणी माणसाला गप्पांची हौस येते. मी बोलत राहिलो. समोरून गाडी येतेय, डाव्या अंगाला म्हशी आहेत, वगैरे.

पाचव्या मैलापाशी एक मोरी आहे, कठडे पडलेली, खाली कोरडा ओहोळ. तिथे त्याने बैल जवळजवळ चालते केले. पंधरा सेकंद गेले. मी म्हटलं, इथे वेळ घालवायचं कारण काय? म्हणाला, "मोरी हाय, भाऊसाहेब." जसं काही मला दिसत नव्हती.

घंटांवरूनही थोडं वाजलं. शर्यतीच्या बैलांना घंटा कोणी बांधत नाही, नुसतं वजन. त्यात ह्या जोडीच्या घंटा दोन तऱ्हेच्या. चंदनची तिच्या माहेरची, काशाची, खणखणीत. कारभारीची फुटकी, बद्द वाजणारी. पूर्वी त्यालाही बरी घंटा होती, दोन वर्षांपूर्वी हिनेच ती काढून ही कुठून तरी आणून बांधली. "जोडी बैलांची आणि घंटा बेजोड," असं मी चिडवायचो. ती म्हणायची, "असू दे." आज म्हटलं, काढून टाक. एरवी माझ्या शब्दाबाहेर न जाणारा धाकलू म्हणाला, "घंटा ऱ्हाऊद्या." तीनदा म्हणाला. मग मी सोडून दिलं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

कारखान्यात डोळ्यांची तपासणी झाली. मशीनवरचे तिघे नापास. एकाला फळ्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही दिसेना, आणि हा गडी गेली तीन वर्षं पट्ट्यापाशी उभा. शेजाऱ्याने सांभाळून घेतलं म्हणे. नावं मीच कमी केली. त्यातला एक मस्टरसमोर रडला. वाईट वाटलं, पण आंधळ्याच्या हाती यंत्र देणं म्हणजे खून. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं.

घरी आल्यावर हे सांगायला कोणी नव्हतं. ही असती तर म्हणाली असती, "तुम्ही बरोबर असता, तेच तर वाईट असतं." असं काहीतरी ती नेहमी बोलायची. तेव्हा राग यायचा.

२९ नोव्हेंबर, रविवार

शेहेचाळीस मिनिटे. सुधारणा आहे. आता मी छकड्यात बसत नाही; ठरल्या वेळी धाकलू निघतो आणि मी सातव्या मैलाच्या दगडापाशी घड्याळ धरतो. धाकलू रोज पहाटे जोडीला नदीच्या वाळूत ओंडका ओढायला लावतो, मग पाण्यात पोहवतो. आवडी उडीद भिजवून गुळाबरोबर चारते. बैलांच्या अंगावर तकाकी आली आहे. हिने पाहायला हवी होती.

नदीवरून येताना धाकलू चंदनच्या वशिंडावर हात ठेवून चालतो, लग्नातल्या करवलीसारखा. बैलाचे इतके लाड बरे नव्हेत.

चहा घेताना मी त्याला तपासणीची हकिकत सांगितली. तो ऐकत होता. म्हणाला, "मंग त्यांचा काय झाला?"

"काय व्हायचं? घरी बसतील."

"हां," म्हणाला. मग आवडीने पुढे केलेली कपबशी घ्यायला हात लांबवला तो भलतीकडेच, आणि चहा सांडला. आवडी पटकन म्हणाली, "माझाच धक्का लागला." तिचा धक्का लागला नव्हता. सकाळी अंगणातली बादलीही त्याने लाथेने पाडली होती. दोन आणि दोन चार. हा ताडी पितो. सकाळपासून पितो. पुढच्या वेळी तोंडाचा वास घ्यायला हवा.

६ डिसेंबर, रविवार

वास आला नाही. लपवण्यात हुशार आहे.

शेजारच्या पाड्यावरचा बारकू भेटला. तिशीचा, दंडाने भक्कम, त्याचीही जोडी शर्यतीत आहे, पण ती त्याचा भाऊ हाकू शकतो. म्हणाला, "साहेब, धाकलूकाकाला आता जमायचं नाय. मना द्या कासरा. तुमची जोडी पहिली आनून दावतो." मोह झाला, खोटं कशाला लिहू. बारकू हाकेल तर जोडी जिंकेल. पण हिचा शब्द होता, "धाकलूच हाकेल हं." हा 'हं' कानातून जात नाही. नाही म्हणून सांगितलं.

धाकलूला कळलं असावं. जाताना म्हणाला, "औंदाच पलवू, भाऊसाहेब. फुडल्या साली काय मना जमनार नाय." मी म्हटलं, बैल अजून तरणे आहेत. तो म्हणाला, "बैल हायेत."

२० डिसेंबर, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

नदीकाठी असं धुकं की मला माझेच बूट दिसेनात. मी म्हटलं, आज राहू दे. बारकू आपला छकडा घेऊन निघाला तो दुसऱ्या मैलावर थांबला, एका गाडीवर जाता जाता वाचला. धाकलू म्हणाला, "आमी जाताव." सातव्या दगडापाशी घड्याळ घेऊन मी उभा. काही दिसत नव्हतं. मग दुरून आवाज आला. खण्ण, बद्द. खण्ण, बद्द. आणि धुक्यातून चार शिंगं बाहेर आली. बेचाळीस मिनिटे! इतर रविवारांपेक्षा चांगली वेळ, आणि तीही अशा धुक्यात. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "धाकलू, तुला दिसलं तरी कसं रे?"

हसला. "दिसाया कशाला पायजे?" म्हणाला.

मी चूक होतो. हा दारुडा नाही. दारुड्याला हे जमणार नाही. त्याच्यावर संशय घेतल्याची लाज वाटली. काहीतरी भेट दिली पाहिजे.

३ जानेवारी १९५४, रविवार

चाळीस मिनिटे दहा सेकंद. नवं वर्ष चांगलं लागलं.

एक किरकोळ गोष्ट. धाकलू म्हणाला, "शर्यतीला तुमी मागं बसा. पयल्यासारका बोलत ऱ्हावा." मी कपाळाला हात लावला. माझं वजन एकशे पंचेचाळीस पौंड. सात मैल ते ओढायचं म्हणजे निदान दोन मिनिटे गेली. आकडा मांडून त्याला समजावलं. म्हटलं, इतके रविवार एकटाच हाकतोस ना? म्हणाला, "एकला असताव तवा रस्ता मोकला असतो. त्या दिशी गर्दी." मी म्हटलं, गर्दी तुझ्या मागे राहील.

मोरीपाशी अजूनही तो सावकाश होतो म्हणे. त्याला बजावलं, शर्यतीत हे चालायचं नाही.

१० जानेवारी, रविवार

काल कारखान्यातून परस्पर उल्हासनगरला, दोन नंबर कॅम्पात गेलो. छावणीच्या जुन्या बराकींत आता नुसता बाजार झालाय. कापड, पापड, पेट्या, काय वाटेल ते. एका सिंधी भांड्यांच्या दुकानात पितळी घंटा मिळाल्या. हलक्या, चकचकीत. दुकानदार मोठा बोलका. दोन्ही घंटा माझ्या कानापाशी धरून म्हणाला, "साईं, आँख बंद करके सुनो. दोनों में फरक बता दो, तो मुफ्त में ले जाओ." मी डोळे मिटले. त्याने एकामागून एक वाजवल्या. कितीदा ऐकलं, पण कुठली कुठली ते सांगता येईना. शेवटी मी हसलो. म्हटलं, "जमत नाही बुवा. द्या बांधून."

घंटा राहूद्या म्हणाला होता ना, मग राहू दे. पण जोडीला शोभेशा. हिच्या बैलांनी सगळ्या तालुक्यासमोर फुटकी घंटा वाजवत का पळायचं?

आज स्वतःच्या हाताने बांधल्या. धाकलू जवळ उभा होता. दोन्ही घंटांवरून त्याने बोटं फिरवली, मग एक वाजवली, मग दुसरी. बराच वेळ वाजवत होता. आवडी चुलीपाशी उठून उभी राहिली आणि काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "ब्येस हायेत, भाऊसाहेब. लय ब्येस." त्याचे डोळे भरून आले होते. भेट कुणी कधी दिली नसेल बिचाऱ्याला. मलाही भरून आलं. जुन्या घंटा आवडीने उचलून आत ठेवल्या.

आज वेळ त्रेचाळीस मिनिटे. मागे गेली. नव्या घंटांची बैलांना सवय नाही, होईल.

१६ जानेवारी, शनिवार

उद्या. जीव टांगणीला लागलाय. संध्याकाळी हिच्या फोटोला हार घातला आणि चक्क मोठ्याने बोललो, "उद्या तुझा शब्द पुरा करतोय." शेजारच्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे.

१७ जानेवारी, रविवार

चंदन गेला.

१९ जानेवारी, मंगळवार

रजा काढली आहे. लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल असं वाटलं होतं. पाहू.

सहा छकडे होते. मी पाचव्या मैलावर, मोरीच्या अलीकडे उभा होतो, कारण तिथे तो वेळ घालवतो की काय ते मला पाहायचं होतं. लोकांची ही गर्दी, आरडाओरडा, शिट्ट्या. बारकूची जोडी पुढे आली, तिच्या मागोमाग आमची. नव्या घंटा एका सुरात वाजत होत्या. मला फार आनंद झाला. मागून तिसरा छकडा उजव्या बाजूने घुसत होता.

मग मी धाकलूचा चेहरा पाहिला. तो डावीकडे मान करत होता, मग उजवीकडे, परत डावीकडे. हरवलेल्या पोरासारखा. मोरीपाशी तो सावकाश झाला नाही. मी बजावलं होतं. डाव्या अंगाचा कारभारी पुढे सरला होता आणि छकडा उजवीकडे वळत चालला होता. मला दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. कासरा डावीकडे ओढायचा, पोरालाही कळेल. त्याने उजवीकडे ओढला.

चंदन कडेवरून गेला. त्याच्यामागे चाक, मग धाकलू. जू मोडलं म्हणून कारभारी वर राहिला. चंदनचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते आणि पोटात छकड्याची दांडी घुसली होती. तासभर तो त्या कोरड्या ओहोळात पडून होता. धाकलू, खांद्याचं हाड मोडलेलं, सरपटत त्याच्यापाशी गेला आणि त्याच्या नाकावर हात ठेवून बसला. मला म्हणाला, "ह्यो चंदन ना, भाऊसाहेब? का कारभारी?"

मी त्याला नाही नाही ते बोललो. समोर पडलेला बैल ओळखता येत नाही? दारू पिऊन हाकलास, हिचा बैल मारलास, असं म्हणालो. पन्नास माणसांसमोर. तो बैलाचं नाक कुरवाळत राहिला.

घरी येऊन कोट काढला तर खिशातल्या चिटोऱ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, पाचवा मैल, अठ्ठावीस मिनिटे पाच सेकंद. केव्हा लिहिलं ते आठवत नाही.

३१ जानेवारी, रविवार

मी करंजवाडीला जाणार नव्हतो. आवडीच अंबरनाथला आली, पहिल्यांदाच. घर विचारत विचारत आली. पदराखाली फडक्यात बांधलेल्या जुन्या घंटा. पाणी दिलं, प्यायली नाही. उंबऱ्यातच उभी राहून बोलली.

"तो दारू पीत नाय. जल्मात प्यायला नाय. त्याला दिसत नाय, भाऊसाहेब. तीन सालं झाली. आता निस्ता उजेड कलतो. वयनीबायना ठावं होता. त्यांनीच कारभारीला ही फुटकी बांधली. बोलल्या, धाकलू, आता ऐकून हाक. खण्ण वाजला का चंदन, बद्द वाजला का कारभारी. कोन फुडं, कोन मागं, छकडा कंच्या अंगाला वलला, सगला त्याला कानानी कलायचा."

मी म्हटलं, मला का सांगितलं नाही? मला एका शब्दाने कोणी का सांगितलं नाही?

"वयनीबाय बोलल्या, साहेबाना सांगू नका. ते नियमाचे मानूस. कासरा काडून घेतील." मग म्हणाली, "मी त्या दिशी घंटा बगून बोलनार व्हते. त्यानी बोलू दिला नाय. साहेबांनी मायेनं आनलंय बोलला."

ती गेली तेव्हा घंटा पायरीवर राहिल्या. मी दोन्ही उचलल्या, डोळे मिटले आणि वाजवल्या. चुकण्याचा प्रश्नच नव्हता. आंधळ्यालाही कळेल, असं आपण सहज म्हणतो.

पस्तीस वर्षं तिने माझ्यापासून काही लपवलं नाही असं मी समजत होतो. लपवलं ते एवढंच. आणि ते लपवावं लागलं, कारण मी मी आहे. ती बरोबर होती. मला कळलं असतं तर मी त्याच दिवशी कासरा काढून घेतला असता. चंदन जगला असता. आणि धाकलू घरी बसला असता. ह्यातलं काय खरं मानून झोपायचं ते मला समजत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

गेलो. धाकलू ओसरीवर बसला होता, खांद्याला पट्टा. माझ्या बुटांची करकर ऐकून उठायला लागला. त्याला बसवलं. म्हटलं, "धाकलू, चूक माझी आहे." हे वाक्य मी आयुष्यात फारसं वापरलेलं नाही, ते नीट बोलताही आलं नाही.

तो म्हणाला, "नाय. मी बोलाया पायजे व्हता. पन वयनीबायनी माज्या हाती जोडी दिली व्हती. एक डाव पलवायची व्हती." मग रडला. मीही रडलो. आवडी आत गेली.

कारभारीला त्या दिवसापासून घंटा नव्हती. खात नाही नीट, उजवीकडे जागा सोडून उभा राहतो. मी त्याला त्याची फुटकी घंटा बांधली. त्याने मान हलवली आणि बद्द आवाज झाला. धाकलूने मान वर केली, ओळखीच्या माणसाने हाक मारावी तशी. म्हणाला, पाण्यावर नेऊ या त्याला. मी म्हटलं, खांदा दुखेल. म्हणाला, "चालतो मी. पन एका घंटेवर रस्ता कलत नाय. डावी बाजू कलते, उजवी नाय."

चंदनची घंटा माझ्या हातात होती. मी उजव्या अंगाला गेलो. कारभारी डावीकडे, मी उजवीकडे, मागे धाकलू, आणि आम्ही नदीकडे निघालो. पावलागणिक मी घंटा वाजवत होतो. वाटेत बाया थांबून पाहत होत्या. पाहू दे. घड्याळ मी घरीच ठेवलं होतं.

चिंचेपाशी मागून धाकलू म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी फुडं जाताव. जोडीनं चाला."

मी पाऊल आखडतं घेतलं.